वर्दीनंतर संरक्षण उद्योगात: ज्येष्ठ सेनाधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शन

भूदलातील कर्नल वयाच्या ५४ व्या वर्षी, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या आणि लेफ्टनंट जनरल ६० व्या वर्षी निवृत्त होतो. या वयात प्रकृती धडधाकट असते, मुलांची शिक्षणे अनेकदा अजून चालू असतात आणि तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेत मिळवलेले ज्ञान ताजे असते. दुसरीकडे देशातील संरक्षण उत्पादन २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे १ लाख ५१ हजार कोटी रुपयांपर्यंत पोहोचले असून त्यातील सुमारे २३ टक्के वाटा खासगी कंपन्यांचा आहे. त्याच वर्षीच्या २३,६२२ कोटी रुपयांच्या संरक्षण निर्यातीत तर खासगी क्षेत्राचा हिस्सा १५,२३३ कोटींचा होता. तोफा, ड्रोन, दारूगोळा, रडार आणि जहाजांचे भाग बनवणाऱ्या या कंपन्यांना ती सामग्री प्रत्यक्ष रणभूमीवर, वाळवंटात आणि बर्फात वापरलेली माणसे हवी असतात. सेवेची शेवटची दोन-तीन वर्षे उरलेल्या आणि या वाटेने जाण्याचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. निवृत्त अधिकाऱ्याला कंपनी दोन कारणांसाठी घेते. एक तर त्याला सामग्रीची, तिच्या वापराची आणि देखभालीची जाण असते म्हणून, किंवा मंत्रालयात आणि मुख्यालयात त्याच्या ओळखी असतात म्हणून. ओळखींचा उपयोग फार तर दोन-तीन वर्षे टिकतो, कारण तोवर ओळखीचे अधिकारी स्वतःच निवृत्त होतात किंवा त्यांची बदली होते. शिवाय त्या वाटेवर इभ्रत जाण्याचा धोका सतत असतो. जाण मात्र दहा वर्षे कामाला येते. म्हणून नोकरी शोधताना, मुलाखत देताना आणि नेमणूकपत्र वाचताना एकच प्रश्न विचारावा: ही कंपनी माझ्याकडून नेमके काय घेऊ पाहत आहे?

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी

संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे आपल्या बोलण्यातले डीजीआर, काम करते. निवृत्तीला साधारण दोन वर्षे उरली असताना त्यांच्या अभ्यासक्रमांसाठी अर्ज करता येतो. अधिकाऱ्यांसाठीचा २४ आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम नामांकित व्यवस्थापन संस्थांमध्ये चालतो आणि त्याच्या शुल्काचा काही भाग सरकार उचलते. या अभ्यासक्रमामुळे नोकरी मिळेलच असे नाही. तथापि ताळेबंद वाचणे, खेळत्या भांडवलाचा हिशेब समजणे आणि आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या सहाध्यायांबरोबर गटात काम करणे या तीन गोष्टी तेथे शिकायला मिळतात. तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींइतकीच मोलाची आहे. याशिवाय भूदलाची आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन, नौदलाची इंडियन नेव्हल प्लेसमेंट एजन्सी आणि हवाई दलाचा प्लेसमेंट सेल येथे नोंदणी करून ठेवावी. ज्येष्ठ पदे बहुधा या नोंदणीतून भरली जात नाहीत, पण कोणत्या कंपन्या कोणत्या प्रकारची माणसे मागत आहेत याचा अंदाज तेथे येतो.

मुदतपूर्व निवृत्ती घेऊन लवकर बाहेर पडण्याचा मोह अनेकांना होतो. निवृत्तिवेतनासाठी अधिकाऱ्याची २० वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण असावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांना 'समान हुद्दा समान निवृत्तिवेतन' योजनेचा लाभ मिळण्याचा मुद्दा वादाचा आणि न्यायप्रविष्ट राहिला आहे. त्यामुळे राजीनाम्याचा कागद लिहिण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेला आदेश लेखा कार्यालयाकडून समजून घ्यावा. कंपनीने देऊ केलेला आकडा कितीही मोठा असला तरी या एका मुद्द्याचा वीस वर्षांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि तो हिशेब पती-पत्नीने एकत्र बसून करावा.

शेवटची नेमणूक खरेदीशी, चाचण्यांशी किंवा गुणवत्ता तपासणीशी संबंधित असेल तर विशेष जपावे लागते. अशा पदावर असताना एखाद्या कंपनीच्या प्रतिनिधीने चहाच्या टेबलावर सहज "निवृत्तीनंतर काय विचार आहे, सर?" असे विचारले, तर त्या प्रश्नाला त्या वेळी उत्तर नसते. विषय तेथेच थांबवावा आणि पुन्हा विचारणा झाल्यास वरिष्ठांना लेखी कळवावे. पदावर असताना ज्या कंपनीची फाइल आपल्यापुढे आहे तिच्याशीच नोकरीची बोलणी करणे हे नियमात बसवण्याचा प्रयत्नसुद्धा करू नये.

पहिल्या वर्षाची परवानगी

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी व्यापारी नोकरी स्वीकारायची असेल तर ज्येष्ठ अधिकाऱ्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. आपल्या हुद्द्याला लागू असलेले कलम आपापल्या सेनादलाच्या निवृत्तिवेतन विनियमांत शोधून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. कॅन्टीनमध्ये ऐकलेल्या माहितीवर विसंबू नये.

येथे पुष्कळांचा गैरसमज होतो तो 'नोकरी' या कल्पनेबद्दल. पगारी नेमणूक झाली तरच परवानगी लागते असे नाही. कंपनीचे संचालकपद, भागीदारी, एजंट म्हणून काम आणि सेवेतील अनुभवाच्या आधारे केलेली सल्लागारी हे सगळे तिच्यात मोडते. "सध्या नुसते सल्लागार म्हणून या, वर्ष संपले की पगारावर घेऊ," असा प्रस्ताव आला तर तो नियम चुकवण्याचा प्रस्ताव आहे असे समजावे. परवानगीवाचून काम स्वीकारल्यास सरकार निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः रोखू शकते. आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनासमोर बारा महिन्यांचे मानधन किती क्षुल्लक आहे, हे वेगळे सांगायला नको.

अर्ज तपासताना सरकार काय पाहते याची कल्पना नागरी सेवांसाठीच्या नियमांवरून येते. शेवटच्या ३ वर्षांत अधिकाऱ्याला संवेदनशील किंवा सामरिक माहिती उपलब्ध होती का, त्याच्या तेव्हाच्या कामाचा आणि या कंपनीच्या हिताचा संघर्ष होतो का, कंपनीचे व्यवहार राष्ट्रीय सुरक्षेला बाधक आहेत का, त्याची सचोटी निर्विवाद आहे का आणि देऊ केलेले वेतन उद्योगातील प्रचलित वेतनाच्या प्रमाणात आहे का, असे हे प्रश्न आहेत. हीच कसोटी प्रत्येकाने अर्ज करण्यापूर्वी स्वतःला लावून पाहावी. शेवटच्या प्रश्नाकडे तर विशेष लक्ष द्यावे. बाजारभावापेक्षा फार मोठा पगार मिळत असेल तर तो मागच्या कशाचा मोबदला तर नाही ना, अशी शंका सरकारला येते, आणि ती रास्त आहे.

माझा आग्रह असा की शक्य असेल त्याने हे पहिले वर्ष मोकळे ठेवावे. अभ्यासक्रम, वाचन, घराची घडी बसवणे, कारखाने पाहणे, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात व्याख्याने देणे यात ते सहज जाते आणि पुढच्या दहा वर्षांत कुणी बोट दाखवू शकत नाही.

कामे कोणती आणि कुठे

जाहिरातीत पदाचे नाव भारदस्त असते, पण कामे ढोबळमानाने ठरलेली आहेत. व्यवसायवृद्धी, म्हणजे बिझनेस डेव्हलपमेंट, हे सर्वांत जास्त दिसणारे काम. येत्या पाच-सात वर्षांत सैन्याला काय लागेल याचा अंदाज बांधून त्या दिशेने कंपनीची उत्पादने वळवणे हे त्यात अपेक्षित असते. प्रोग्राम मॅनेजमेंटमध्ये मिळालेले कंत्राट वेळेत आणि ठरल्या खर्चात पार पाडायचे असते. ज्या अधिकाऱ्याने मोठी तुकडी किंवा कार्यशाळा चालवली आहे त्याला हे काम शोभते. चाचण्यांचे पथक, देखभाल व सुट्या भागांचा पुरवठा, तांत्रिक पुस्तिका, सिम्युलेटर आणि वापरकर्त्यांचे प्रशिक्षण ही कामे कमी झगमगीत, पण ईएमई (भूदलाची यंत्रदुरुस्ती व देखभाल शाखा), सिग्नल्स, आयुध विभाग, नौदलाची अभियांत्रिकी शाखा आणि हवाई दलाची तांत्रिक शाखा येथून आलेल्यांची गरज सर्वांत जास्त येथेच असते. कारखान्याची सुरक्षा आणि प्रशासन हा पर्यायही पुढे केला जातो. तोही मानाचा आहे, मात्र संरक्षण सामग्रीशी त्याचा संबंध नाममात्र असतो.

ठिकाणांचा विचार कुटुंबासह आधीच करावा. महाराष्ट्रात पुणे हे या उद्योगाचे जुने केंद्र आहे. पाषाणची एआरडीई, दिघीची आर अँड डीई, एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकी व देहूरोडचे सरकारी कारखाने, भारत फोर्ज, तळेगावचा लार्सन अँड टुब्रोचा प्रकल्प आणि भोसरी-चाकणमधील शेकडो लहान कारखाने यांमुळे येथे कामाची विविधता आहे. नागपूर आणि विदर्भात दारूगोळा व स्फोटकांचा उद्योग मोठा आहे. सोलर समूहाच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या नागपूरच्या कंपनीने 'नागास्त्र-१' हे घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारे अस्त्र सैन्याला दिले आहे. महाराष्ट्राबाहेर हैदराबाद, बंगळुरू, लार्सन अँड टुब्रोच्या के-९ वज्र तोफांचे हजिरा, टाटांच्या सी-२९५ विमानांचे वडोदरा आणि उत्तर प्रदेश व तमिळनाडूतील संरक्षण कॉरिडॉर आहेत. व्यवसायवृद्धीचे काम मात्र बहुधा दिल्लीतच असते. पुण्यात घर बांधून झाल्यावर पुन्हा दिल्लीत भाड्याने राहण्याची तयारी आहे का, हे आधी घरात विचारावे.

मोठ्या समूहाऐवजी लहान कंपनीचाही विचार करावा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स योजनेतून नवउद्योगांना सैन्याच्या गरजांवर काम करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा १० कोटींची आहे. अशा ठिकाणी तिशीतली अभियंता मंडळी उत्तम यंत्र बनवतात, पण ते सियाचीनमध्ये हातमोजे घालून कसे चालवायचे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. तेथे अनुभवी अधिकाऱ्याच्या एका दिवसाच्या सूचनेने आराखडा बदलतो. पगार कमी आणि अनिश्चितता जास्त, पण कामाचे समाधान मोठे आहे.

बायोडेटा आणि मुलाखत

सेवेतील कागदपत्रांची भाषा बाहेर कुणाला कळत नाही. "अमुक विभागाचे यशस्वी नेतृत्व केले" यापेक्षा "८०० माणसे, ३०० वाहने आणि तीन वर्षांचे देखभालीचे अंदाजपत्रक सांभाळले" अशा धाटणीचे वाक्य निवड करणाऱ्याला समजते. अर्थात आकडे आपले आणि खरे असावेत, आणि गोपनीय असलेले काहीही त्यात येऊ नये. तुकड्यांची ठिकाणे, सामग्रीची उपलब्धता, मोहिमांचा तपशील, चाचण्यांचे निष्कर्ष यांपैकी काहीच बायोडेटात किंवा लिंक्डइनवर लिहू नये. नावाआधी हुद्दा आणि नावानंतर 'निवृत्त' असा उल्लेख पुरेसा आहे. पदके एका ओळीत द्यावीत. दोन पानांपेक्षा लांब बायोडेटा कुणी वाचत नाही.

लिंक्डइनवरून येणाऱ्या अनोळखी विचारणांबद्दल सावध राहावे. परदेशी सल्लागार संस्थेच्या नावाने "फक्त एक तासाची चर्चा, भरपूर मानधन" असा निरोप येतो. पुढे लेखी अहवाल मागितला जातो आणि प्रश्न हळूहळू नेमके होत जातात. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम पद सोडलेल्या व्यक्तीलाही लागू राहतो, याचा विसर पडू देऊ नये.

मुलाखतीत कंपनीचा प्रमुख हमखास विचारतो, "मुख्यालयात आपली कुणाकुणाशी ओळख आहे?" उत्तर सभ्य पण स्पष्ट असावे: खरेदीची प्रक्रिया आणि वापरकर्त्याची गरज मला चांगली समजते, कंपनीचे म्हणणे योग्य ठिकाणी योग्य पद्धतीने मी मांडू शकतो, मात्र वैयक्तिक ओळखीतून माहिती काढणे माझ्याकडून होणार नाही. हे ऐकून जी कंपनी मागे हटते ती न मिळाल्याचे दुःख करू नये.

खरेदीचे चक्र नव्या बाजूने समजून घेणे

निवृत्त अधिकाऱ्याची सर्वाधिक उपयुक्तता आणि सर्वाधिक अपेक्षाभंग या दोन्हींचे मूळ येथे आहे, म्हणून या भागावर थोडे अधिक थांबतो.

भांडवली खरेदी, म्हणजे नव्या शस्त्रांची व मोठ्या सामग्रीची खरेदी, २०२० च्या संरक्षण संपादन प्रक्रियेनुसार, म्हणजे डॅपनुसार, चालते. ती १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली आणि तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात. महसुली, म्हणजे सुटे भाग व रोजच्या गरजांच्या खरेदीसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संरक्षण खरेदी नियमावली आहे. या दोन्हींच्या ताज्या प्रती मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून घेऊन पहिल्या पानापासून वाचाव्यात. सेवेत असताना आपण या प्रक्रियेचा एखादाच तुकडा पाहिलेला असतो. कुणी गुणात्मक गरजा लिहिलेल्या असतात, कुणी चाचण्या घेतलेल्या असतात, कुणी वाटाघाटींच्या समितीत बसलेले असते. कंपनीला मात्र संपूर्ण साखळीतून जावे लागते. माहितीसाठीची विचारणा, गरजेची मान्यता, निविदा, तांत्रिक मूल्यमापन, मैदानी चाचण्या, स्टाफ मूल्यमापन (मुख्यालयाने केलेली चाचणी निकालांची तपासणी), किमतीच्या वाटाघाटी, सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आणि शेवटी कंत्राट. यातील कोणत्याही टप्प्यावर प्रकरण थांबू शकते किंवा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

पुण्याच्या एआरडीईने आराखडा केलेल्या एटॅग्स तोफेचे उदाहरण घ्या. १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबरच्या या ओढत न्यायच्या तोफेचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि भारत फोर्ज व टाटा समूह हे उद्योगातील भागीदार झाले. वाळवंटात आणि उंचावरील थंडीत चाचण्या झाल्या. २०२० मध्ये पोखरणला एका तोफेची नळी फुटली आणि सुरक्षेच्या प्रश्नांची पुन्हा तपासणी करावी लागली. अखेर ३०७ तोफा आणि त्या ओढणाऱ्या वाहनांचे, एकूण सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे कंत्राट २६ मार्च २०२५ रोजी झाले. म्हणजे कल्पनेपासून कंत्राटापर्यंत सुमारे बारा वर्षे गेली. सामग्री तयार करण्याचा खर्च, कुशल कामगारांचे पगार आणि बँकेचे व्याज कंपनीला या काळात सोसावे लागते. चाचण्यासुद्धा 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' या अटीवर होतात. सामग्री चाचणीच्या ठिकाणी नेणे, ती तेथे महिनोन्महिने चालू ठेवणे, बिघडल्यास सुटे भाग पोहोचवणे हे सगळे कंपनीच्या खर्चाने होते आणि कंत्राटाची हमी कुणी देत नाही.

वर्दीत असताना हा खर्च आपल्याला दिसत नाही. चाचणी तीन महिने पुढे ढकलली तर आपल्या लेखी ती एक तारीख असते, पण भोसरीतल्या लहान पुरवठादारासाठी ते तीन महिने कर्जाच्या हप्त्यांचे असतात. ही गोष्ट एकदा मनाला भिडली की नवा अधिकारी कंपनीत खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागतो. निविदेतील कोणती अट वापराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि कोणत्या अटीचा अर्थ लेखी प्रश्न विचारून स्पष्ट करून घ्यायला हवा, हे तो सांगू शकतो. चाचणीच्या मैदानावर कोणता भाग आधी निकामी होईल याचा अंदाज बांधून त्याचे सुटे भाग आधीच पाठवू शकतो. सैनिक थकलेला असताना सामग्री कशी हाताळतो हे अभियंत्यांना समजावू शकतो. आणि सामग्री खरोखरच कमी पडत असेल, तर ती चाचणीला नेऊ नये असे मालकाला तोंडावर सांगण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. उद्या ती वापरणारा जवान त्याच्याच पलटणीतला असू शकतो.

किंमत हा दुसरा धडा. तांत्रिक कसोटीत उतरलेल्या कंपन्यांमध्ये सर्वांत कमी किंमत देणारा, म्हणजे एल-वन, पुढे जातो. आपली सामग्री आवश्यकतेपेक्षा सरस आहे याबद्दल सहसा जादा गुण मिळत नाहीत. त्यामुळे "सैन्याला सर्वोत्तम तेच द्यायचे" ही आपली सवय आणि "आवश्यक तेवढेच द्यायचे" हा कंपनीचा हिशेब यांत ओढाताण होते. दोन्ही बाजू समजणारा माणूस टेबलावर असणे हाच यावरचा उपाय आहे.

नेमणूकपत्र वाचताना

कंपनीने सांगितलेला वार्षिक आकडा आणि खात्यात जमा होणारी रक्कम यांत मोठा फरक असतो. त्या आकड्यात भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), विमा आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग धरलेला असतो. कामगिरीचा भाग कंत्राट मिळण्याशी जोडलेला असेल तर दोनदा विचार करावा, आणि तो 'यशस्वी झाल्यास टक्केवारी' अशा स्वरूपात असेल तर सरळ नकार द्यावा. सरकारी संरक्षण कंत्राटांबरोबर सचोटी करार, म्हणजे लाच न देण्या-घेण्याची लेखी हमी, असतो आणि एजंटांना व मध्यस्थांना दिलेल्या रकमा जाहीर कराव्या लागतात. टक्केवारीवर काम करणारा निवृत्त अधिकारी मध्यस्थाच्या व्याख्येच्या फार जवळ जाऊन उभा राहतो.

खासगी नोकरीमुळे लष्करी निवृत्तिवेतन कमी होत नाही. पण करआकारणीत दोन्ही उत्पन्ने एकत्र धरली जातात. कंपनीला निवृत्तिवेतनाची कल्पना नसल्यास ती कमी कर कापते आणि वर्षअखेरीस मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते. म्हणून निवृत्तिवेतनाचा तपशील पहिल्याच महिन्यात लेखा विभागाला द्यावा किंवा आगाऊ कर भरत राहावा. नियम व मुदत पाळून सल्लागार म्हणून काम करणाऱ्याच्या मानधनातून साधारणपणे १० टक्के कर कापला जातो आणि सेवांपोटीची वार्षिक प्राप्ती २० लाख रुपयांच्या वर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, सदस्यत्व चालू राहते, त्यामुळे कंपनीच्या आरोग्य विम्यासाठी पगारात फार तडजोड करण्याची गरज नसते.

पहिले सहा महिने

नव्या ठिकाणी स्टाफ ऑफिसर नसतो, सेवादार नसतो आणि सादरीकरण स्वतःच करावे लागते. एक्सेल नीट येत नसेल तर रुजू होण्यापूर्वी शिकून घ्यावे. वरिष्ठ पस्तीस-चाळिशीतला असू शकतो आणि तो आपल्याला नावाने हाक मारेल. त्यात अनादर नसतो. आदेश देऊन काम होण्याची सवय सोडावी लागते, कारण खरेदी विभाग, आराखडा विभाग आणि वित्त विभाग यांपैकी कुणीच आपल्या हाताखाली नसते आणि तरीही त्यांच्याकडून काम करून घ्यायचे असते.

माझ्या मते पहिला महिना कार्यालयात न काढता शॉप फ्लोअरवर काढावा. कच्चा माल येतो तेथून तयार सामग्री बाहेर पडते तेथपर्यंत चालत जावे, फोरमनला प्रश्न विचारावेत, एक भाग नाकारला गेला तर तो का नाकारला गेला हे समजून घ्यावे. ज्या निवृत्त अधिकाऱ्यांना कामगारांनी मनापासून आपले मानले, ते बहुतेक असेच सुरुवात करणारे होते. सुभेदार साहेबांकडून शिकण्याची तरुणपणीची सवय येथे पुन्हा उपयोगी पडते.

जुन्या सहकाऱ्यांशी वागताना

टेबलापलीकडे बसलेला अधिकारी कधी काळी पलटणीत आपल्या हाताखाली कंपनी कमांडर किंवा अॅडज्युटंट राहिलेला असू शकतो. त्याच्या मनात आपल्याबद्दल आदर असतो आणि नेमक्या त्याच आदराचा उपयोग करून घ्यायचा नसतो. भेट अधिकृत वेळ घेऊन कार्यालयातच व्हावी, बरोबर कंपनीचा दुसरा माणूस असावा आणि भेटीचे टिपण त्याच दिवशी लिहून ठेवावे. निविदेबद्दलचे प्रश्न निविदापूर्व बैठकीत आणि लेखीच विचारावेत. चालू प्रकरणाबद्दल फोन, मेसमधील जेवण, दिवाळीची भेट यांतले काहीही नको. सेवेतील अधिकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून निवृत्तीच्या दिवशी बाहेर पडावे. जुन्या वह्या, मसुदे, चाचणी अहवाल, पेन ड्राइव्ह यांतील काहीही घरी नसावे. संदर्भासाठी म्हणून ठेवलेला एखादा कागदही पुरेसा घातक ठरतो.

२००१ साली तहलकाच्या वार्ताहरांनी एका काल्पनिक शस्त्रकंपनीचे प्रतिनिधी बनून छुपे चित्रीकरण केले, तेव्हा पडद्यावर दिसलेल्यांत सेवेतील अधिकाऱ्यांबरोबर निवृत्त अधिकारीही होते. २००५-०६ मध्ये उघड झालेल्या नौदल वॉर रूम प्रकरणात गोपनीय माहिती बाहेर जाण्याच्या साखळीत माजी अधिकाऱ्यांची नावे आली. या प्रकरणांची झळ नंतर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या प्रत्येक निवृत्त अधिकाऱ्याला बसली. आजही मंत्रालयाच्या दारात त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. हा संशय एकेका माणसाच्या वागणुकीनेच कमी होत जाईल.

संचालक मंडळ आणि नोकरी सोडणे

लेफ्टनंट जनरल किंवा समकक्ष हुद्द्यावरून आलेल्यांना काही वेळा स्वतंत्र संचालकपद देऊ केले जाते. त्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या नामावलीत नोंदणी करावी लागते आणि नियमाने सूट नसल्यास ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार या पदाची मुदत सलग दोन वेळा, प्रत्येकी पाच वर्षांपर्यंत असू शकते. बैठकीचे भत्ते पाहून होकार देण्यापूर्वी मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाचावेत, कारण सहीबरोबर कायदेशीर जबाबदारीही येते.

पहिली नोकरी जमली नाही तर दीड-दोन वर्षांत ती सोडण्यात कमीपणा नाही. करारात "दोन वर्षे प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येणार नाही" असे कलम असते. नोकरी संपल्यानंतरच्या काळासाठी अशी बंधने भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे न्यायालयात सहसा टिकत नाहीत. गोपनीयतेचे कलम मात्र टिकते. म्हणून जाताना लॅपटॉप, फोन आणि कागदपत्रे लेखी पोच घेऊन परत करावीत, किमतीचे किंवा आराखड्याचे काहीही स्वतःच्या ईमेलवर पाठवू नये आणि नोटिशीच्या काळात चालू निविदांपासून दूर ठेवण्याची विनंती स्वतःहून करावी. नव्या कंपनीने जुन्या कंपनीच्या किमती विचारल्यास तिला तेच उत्तर द्यावे, जे मुख्यालयातील ओळखींबद्दल पहिल्या मुलाखतीत दिले होते.